मानवी नेत्राच्या रोहिणी : जालपटलाचे दोन रक्तपुरवठे

मानवी डोळ्यास रक्त कोठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर शरीररचनाशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात दोन-तीन पृष्ठांत आटोपलेले असते. नेत्ररोहिणी, तिच्या दहा-बारा शाखा, त्यांची नावे आणि त्यांचे मार्ग एवढे पाठ केले की विद्यार्थ्याचे तोंडी परीक्षेपुरते काम भागते. परंतु शाखांची ही यादी जितकी बिनचूक असते, तितकीच ती एका बाबतीत मुकी असते. कोणती रोहिणी बंद पडली असता तिचे काम शेजारची रोहिणी सांभाळू शकते आणि कोणत्या रोहिणीचे काम दुसरी कोणीच सांभाळू शकत नाही, हे त्या यादीवरून कळत नाही. रुग्णाची दृष्टी राहते की जाते, हे मात्र पुष्कळदा याच एका गोष्टीवर ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात शाखांची समग्र गणना न करता, या रोहिणी एकमेकींस कोठे मिळतात व कोठे मिळत नाहीत, या दृष्टीने त्यांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द. हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीस येथे रोहिणी व हृदयाकडे परत आणणाऱ्या वाहिनीस नीला म्हटले आहे. नेत्रगोलकाच्या भिंतीस तीन पटले असतात. सर्वांत बाहेरचे पांढरे व चिवट ते श्वेतपटल. मधले, रक्तवाहिन्यांनी व रंगद्रव्याने भरलेले ते रंजितपटल. आणि सर्वांत आतले, प्रकाश ग्रहण करणारे ते जालपटल. रुग्णालयांत रूढ असलेल्या बोलीत या शेवटच्या दोहोंस कोरॉइड व रेटिना म्हणतात. रेटिना हा शब्द जाळे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असल्याने जालपटल ही संज्ञा त्याच्याशी चांगली जुळते. बुबुळामागील रोमकपिंडावरून ज्यांना नाव मिळाले त्या सिलिअरी रोहिणींस रोमक रोहिणी म्हटले आहे.

मानेतून वर जाणारी अंतर्गत ग्रीवा रोहिणी कवटीच्या तळातील हाडातून वाट काढीत मेंदूच्या पायथ्याशी पोहोचते. तेथील नीलाविवरातून बाहेर पडताच ती जी पहिली मोठी शाखा देते, ती नेत्ररोहिणी होय. म्हणजे डोळ्याचे रक्त हे मेंदूकडे निघालेल्या रक्तातूनच, अगदी मेंदूच्या उंबरठ्यावर, वेगळे काढलेले असते. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी या गोष्टीचा निकट संबंध आहे. उगमानंतर नेत्ररोहिणी दृक्-तंत्रिकेच्या खालच्या अंगाने, तिच्याच आवरणात शिरून, एका अरुंद अस्थिमार्गाने नेत्रकोटरात उतरते. तेथे ती तंत्रिकेस बाहेरच्या बाजूने वळसा घालते व तिला ओलांडून नाकाच्या बाजूस जाते. हे ओलांडणे सामान्यतः तंत्रिकेच्या वरून होते. परंतु सुमारे पाचांपैकी एका नेत्रकोटरात ते खालून होते. या रोहिणीचा उगम, मार्ग व शाखा यांचे अत्यंत चिकाटीने केलेले मोजमाप सोहनसिंग हेरेह व आर. दास यांनी पतियाळा येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात केले आणि ते १९६२ साली ब्रिटिश नेत्रवैद्यकीय नियतकालिकात लेखमालेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. आजही या विषयावरील लेखनात त्याचा आधार घेतला जातो. शवविच्छेदनगृहातील साध्या साधनांनी किती दूरगामी काम होऊ शकते, याचे हे उदाहरण आपल्याच देशातील असल्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ते मूळातून पाहण्यासारखे आहे.

नेत्रकोटरात शिरल्यावर नेत्ररोहिणीच्या शाखांचे दोन गट पडतात. एक गट नेत्रगोलकाकडे जातो. दुसरा अश्रुपिंड, स्नायू, पापण्या, नाकाची पोकळी व कपाळ यांकडे जातो. यांपैकी दुसरा गट शेजाऱ्यांशी सढळपणे मिळूनमिसळून असतो. कपाळावर चढणाऱ्या शाखा कानशिलावरील रोहिणीस मिळतात. नाकाच्या पाठीवर उतरणारी शाखा चेहऱ्यावरील रोहिणीच्या टोकास मिळते. अश्रुपिंडाकडे जाणाऱ्या शाखेचा मेंदूच्या आवरणातील रोहिणीशी संबंध असतो. या सर्व शेजारणी बाह्य ग्रीवा रोहिणीच्या वंशातील आहेत. अर्थात डोळ्याच्या परिसरात अंतर्गत व बाह्य या दोन ग्रीवा रोहिणींच्या प्रदेशांमध्ये उघडे दरवाजे आहेत. मानेतील अंतर्गत ग्रीवा रोहिणी हळूहळू चोंदत गेली तर या दरवाजांतून चेहऱ्याचे रक्त आत येते, नेत्ररोहिणीतील प्रवाहाची दिशा उलटते, आणि कधी कधी मेंदूलाही त्याचा हातभार लागतो. ध्वन्यतीत लहरींच्या साहाय्याने प्रवाहाची ही उलटलेली दिशा जिवंत माणसात ओळखता येते, आणि मानेतील अडथळ्याची ती एक खूण मानली जाते.

उघडा दरवाजा मात्र दोन्ही दिशांनी उघडा असतो. चेहऱ्यावरील सुरकुत्या भरून काढण्यासाठी किंवा नाकाचा आकार सुधारण्यासाठी त्वचेखाली दाट द्रव टोचण्याची पद्धत गेल्या काही दशकांत जगभर पसरली आहे. दोन भुवयांमधील जागा व नाकाची पाठ येथे सुईचे टोक चुकून रोहिणीत शिरले आणि द्रव जोराने दाबला गेला, तर तो रक्ताच्या दाबावर मात करून प्रवाहाच्या उलट दिशेने नेत्ररोहिणीपर्यंत मागे जातो. दाब सुटताच तोच द्रव रक्ताबरोबर पुढे वाहू लागतो आणि नेत्रगोलकाच्या रोहिणींत जाऊन बसतो. क्षणापूर्वी धडधाकट असलेला डोळा अशा रीतीने कायमचा अंध झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आता थोडीथोडकी नाहीत. कपाळावरच्या शाखा परीक्षेत विचारल्या जात नाहीत म्हणून गाळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हे ध्यानात आणून द्यावेसे वाटते.

आता नेत्रगोलकाकडे जाणारा गट पाहू. यात जालपटलाची मध्य रोहिणी व रोमक रोहिणी यांचा समावेश होतो, आणि या दोहोंतील भेद हाच प्रस्तुत लेखाचा गाभा आहे.

मध्य रोहिणी ही अंगाने अतिशय लहान, म्हणजे जेमतेम एक-पंचमांश मिलिमीटर व्यासाची असते. नेत्रगोलकाच्या मागे सुमारे १० मिलिमीटर अंतरावर ती दृक्-तंत्रिकेचे आवरण खालून छेदून आत शिरते. आवरण छेदण्याच्या या जागी तिची पोकळी विशेष अरुंद असते. वाहत आलेला कण अडकण्याची ही एक ठरलेली जागा आहे. पुढे ती तंत्रिकेच्या गाभ्यातून, आपल्या सोबतच्या नीलेला चिकटून, नेत्रगोलकात प्रवेश करते व दृक्-बिंबावर वरची आणि खालची अशा दोन शाखांत विभागते. त्या प्रत्येकीच्या पुन्हा नाकाकडील व कानशिलाकडील अशा दोन शाखा होतात. जालपटलाच्या चार चतकोरांना या चार शाखा रक्त पुरवितात, आणि एका चतकोराची शाखा शेजारच्या चतकोरात शिरत नाही. उपयुक्त संमीलन नसलेल्या अशा रोहिणीस अंत्य रोहिणी म्हणतात. ही कल्पना जर्मन विकृतिशास्त्रज्ञ कोनहाइम यांनी १८७२ मध्ये रूढ केली. जालपटलाच्या शाखा हे तिचे नमुनेदार उदाहरण होय.

या शाखा जिवंत माणसाच्या डोळ्यात पाहता येऊ लागल्या त्या हेल्महोल्ट्झ यांच्या नेत्रांतर्दर्शकामुळे. या उपकरणाचे वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र स्वतःच्या डोळ्यातील रोहिणी स्वतः पाहण्याची युक्ती त्याहूनही जुनी आहे. पुर्किन्ये यांनी आपल्या १८१९ च्या प्रबंधात तिचे वर्णन केले आहे. अंधाऱ्या खोलीत डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बाजूने लहानसा दिवा धरून तो हळूहळू हलविला असता, समोर निष्पर्ण झाडासारखी काळी आकृती पसरलेली दिसते. ती जालपटलावरील रक्तवाहिन्यांची सावली असते. सावली दिसते याचाच अर्थ असा की, रक्तवाहिन्या पुढे आहेत व प्रकाशग्राही पेशी त्यांच्या मागे आहेत. प्रकाश आधी रोहिणींच्या जाळ्यातून जातो व मग पेशींपर्यंत पोहोचतो. एरवी ही सावली दिसत नाही, कारण ती जागची हलत नाही आणि न हलणाऱ्या प्रतिमेची मेंदू दखल घेत नाही. जेथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते त्या पीतबिंदूच्या मध्यावरील गर्तिकेत मात्र या अडचणीचा परिहार निसर्गाने वेगळ्याच रीतीने केला आहे. तेथे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात एकही रक्तवाहिनी नसते.

मग त्या वर्तुळातील पेशी जगतात कशावर? येथे दुसऱ्या रक्तपुरवठ्याचा प्रवेश होतो. पश्च रोमक रोहिणी नेत्ररोहिणीपासून बहुधा दोन किंवा तीन खोडांच्या रूपाने निघतात. त्यांच्या सुमारे पंधरा ते वीस ह्रस्व शाखा दृक्-तंत्रिकेच्या सभोवार श्वेतपटल छेदून रंजितपटलात शिरतात आणि तेथे फांद्या फुटत फुटत जालपटलाच्या पाठीशी केशवाहिन्यांचा एक सलग गालिचा पसरतात. जालपटलाच्या आतील थरांना मध्य रोहिणी पोसते, तर बाहेरील थरांना, ज्यांत प्रत्यक्ष प्रकाशग्राही शलाका व शंकू असतात, रंजितपटलातील हा गालिचा पोसतो. बाहेरील थरांत स्वतःची एकही रक्तवाहिनी नाही. त्यांना लागणारा प्राणवायू मागच्या गालिच्यातून झिरपत येतो. सर्वांत जाड भागीही जेमतेम तृतीयांश मिलिमीटर भरणारे हे पटल दोन वेगवेगळ्या धन्यांचे अन्न खाते आणि एक धनी रुसला तर दुसरा त्याचा वाटा पुरवीत नाही.

हे दोन पुरवठे स्वभावानेही अगदी भिन्न आहेत. स्वीडनमधील आल्म व बिल यांनी १९७३ मध्ये माकडांवर केलेल्या मोजमापांनी ही भिन्नता आकड्यांत मांडली. डोळ्यास मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे ८५ टक्के रंजितपटलात जाते आणि जालपटलाच्या वाट्यास अवघे चार-पाच टक्के येते. रंजितपटलातून वाहणारे रक्त आपल्यातील प्राणवायूचा तीन-चार टक्के अंशच देऊन पुढे जाते, तर जालपटलातील रक्त सुमारे चाळीस टक्के देते. एक पुरवठा उधळ्या श्रीमंताचा आणि दुसरा काटकसरी गृहिणीचा आहे. जालपटलातील सूक्ष्म रोहिणी नेत्रगोलकात शिरल्यावर स्वायत्त तंत्रिकांच्या हुकमतीखाली नसतात. स्थानिक गरजेनुसार त्या स्वतःच आकुंचन-प्रसरण पावतात. रंजितपटलातील वाहिन्यांना तंत्रिकांचा भरपूर पुरवठा असतो. आणखी एक भेद असा की, जालपटलातील केशवाहिन्यांची भिंत मेंदूतील केशवाहिन्यांप्रमाणे घट्ट विणीची असते व रक्तातील पदार्थ सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. रंजितपटलातील केशवाहिन्यांच्या भिंतीला मात्र सूक्ष्म झरोके असतात.

सर्वच सस्तन प्राण्यांत अशी दुहेरी व्यवस्था असते असे समजू नये. गिनीपिगच्या जालपटलात मुळीच रक्तवाहिन्या नसतात. ते सर्वस्वी रंजितपटलावर जगते आणि म्हणूनच फार पातळ राहते. सशाच्या जालपटलात त्या केवळ एका आडव्या पट्ट्यापुरत्या आढळतात. पक्ष्यांचे जालपटलही रक्तवाहिनीविरहित असून त्यांच्या डोळ्यात कंगव्यासारखा एक रक्तवाहिनीयुक्त अवयव पुढे आलेला असतो. मनुष्याचे जालपटल इतके जाड आहे की केवळ मागून झिरपणाऱ्या प्राणवायूवर त्याचे भागले नसते. मध्य रोहिणी ही या जाडीची किंमत आहे, असे म्हटल्यास फारशी चूक होणार नाही.

नेत्रगोलकाच्या रोहिणींना आणखी एक अडचण सोसावी लागते. डोळा हा ताणलेल्या चेंडूसारखा असून त्याच्या आत पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका दाब सदैव असतो. आत शिरणाऱ्या रक्ताला आधी या दाबावर मात करावी लागते. रक्ताचा दाब खालावला किंवा नेत्रदाब वाढला, तर दोहोंतील फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो. वेगाने वळण घेणाऱ्या विमानात वैमानिकाच्या शरीरावर गुरुत्वाच्या चार-पाच पट भार येतो तेव्हा प्रथम त्याला दिसेनासे होते. शुद्ध त्यानंतर हरपते. मेंदूला अद्याप पुरेसे रक्त मिळत असताना डोळ्याला मिळत नाही, याचे कारण हाच अंतर्गत दाब होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोळ्यावर हवा शोषून घेणारा चष्मा लावून, म्हणजे बाहेरचा दाब कमी करून, हे आंधळेपण टाळता येते असे प्रयोगाने दाखविण्यात आले. बायार यांनी १९१७ मध्ये याच तत्त्वाचा उपयोग करून, नेत्रगोलकावर मोजका दाब देत मध्य रोहिणीतील रक्ताचा दाब अजमावण्याचे उपकरण तयार केले होते. काचबिंदूच्या रुग्णाला रात्री झोपताना रक्तदाब उतरविणारे औषध देताना वैद्याने थबकून विचार का करावा, हेही यावरून समजेल.

मध्य रोहिणी अचानक बंद पडली तर काय होते, हे फॉन ग्रेफ यांनी १८५९ मध्ये हृदयाच्या अंतःस्तराच्या विकाराने पीडित असलेल्या एका रुग्णात नेत्रांतर्दर्शकाने पाहून वर्णिले. हृदयातून सुटलेला कण ग्रीवा रोहिणीतून नेत्ररोहिणीत व तेथून मध्य रोहिणीत येऊन अडकतो. वेदना मुळीच होत नाहीत. दृष्टी काही क्षणांत जाते. काही तासांनी पाहिले असता जालपटलाचे आतील थर सुजून दुधासारखे पांढरे झालेले असतात आणि गर्तिकेच्या जागी मात्र चेरीच्या फळासारखा लाल ठिपका उठून दिसतो. विद्यार्थी हा ठिपका लक्षण म्हणून पाठ करतात. त्याचा अर्थ क्वचितच ध्यानात घेतात. गर्तिकेत आतील थर नसतातच, म्हणून तेथे पांढरे होण्यास काही नसते. तेथून मागचे रंजितपटल, ज्याचा रक्तप्रवाह अबाधित आहे, आपल्या मूळ रंगात दिसते. एक पुरवठा बंद पडला असून दुसरा चालू आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा मागता येणार नाही. रुग्ण मात्र अंधच राहतो, कारण शलाका व शंकू जिवंत असले तरी त्यांचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशी मेलेल्या असतात.

रोमक रोहिणींविषयीचे ज्ञान मात्र फार काळ एका गैरसमजात अडकून पडले होते, आणि त्या गैरसमजाचे मूळ संशोधनाच्या साधनातच होते. मृत डोळ्याच्या वाहिन्यांत रंगीत राळ भरून नंतर ऊतक विरघळवून टाकले की वाहिन्यांचा सुंदर साचा हाती येतो. अशा साच्यात रंजितपटल म्हणजे एकसंध जाळे दिसते. प्रत्येक वाहिनी दुसरीला मिळालेली असते. त्यावरून असे अनुमान निघाले की, येथे एखादी शाखा बंद पडली तरी बिघडत नाही, शेजारणी तिचा भार उचलतात. दृक्-तंत्रिकेच्या मुखाभोवती ह्रस्व शाखांनी श्वेतपटलात बनविलेले कडे हेही या विश्वासास बळ देत असे. गटिंगन येथील योहान गॉटफ्रीड झिन यांनी १७५५ च्या आपल्या नेत्ररचनेवरील ग्रंथात नेत्राचे जे सूक्ष्म वर्णन केले, त्यामुळे या कड्यास त्यांचे नाव लाभले आहे. आपल्या बागांत फुलणाऱ्या झिनियालाही लिनेअस यांनी त्यांचेच नाव दिले.

या विश्वासाची कसोटी जिवंत डोळ्यातच लागू शकत होती. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातील नोव्होटनी व अल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, हाताच्या नीलेत फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग टोचून, तो डोळ्यात पोहोचत असता जलद छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली. दहा-पंधरा सेकंदांत रंग डोळ्यात येतो. प्रथम रंजितपटल उजळते व क्षणार्धाने जालपटलाच्या रोहिणी भरतात. घट्ट विणीच्या जालपटलीय वाहिन्यांत रंग रेषेसारखा स्वच्छ राहतो, तर झरोक्यांच्या गालिच्यातून तो बाहेर झिरपून सर्वत्र धूसर प्रकाश पसरवितो. हेरेह यांनी हीच रीत वापरून माकडांच्या पश्च रोमक रोहिणींपैकी एकेक बंद केली. साच्यांवरून बांधलेल्या अपेक्षेप्रमाणे शेजारचे रक्त त्या प्रदेशात धावून आले नाही. रंजितपटलाचा नेमका तेवढाच पट्टा, धारदार सीमांनी कापल्यासारखा, अंधारा राहिला. मृत साच्यात जोडलेल्या दिसणाऱ्या वाहिन्या जिवंत डोळ्यात अंत्य रोहिणींप्रमाणे वागत होत्या. दोन रोहिणींच्या प्रदेशांमधील सीमारेषा, जेथे दोहोंचेही रक्त सर्वांत क्षीण दाबाने पोहोचते, ती पाणलोट क्षेत्रांच्या सीमेसारखी असते. आणि ती पुष्कळ डोळ्यांत नेमकी दृक्-तंत्रिकेच्या मुखावरून जाते.

राळ ही वाहिन्या सलग आहेत एवढे सांगते. त्या वाहिन्यांतून प्रवाह कोणत्या दाबाने व कोणत्या दिशेने जातो ते सांगत नाही. शरीररचनेच्या अभ्यासकाने हा धडा विसरता कामा नये असे मला वाटते, आणि तो केवळ डोळ्यापुरता नाही.

याचा रुग्णाशी संबंध काय, तेही पाहिले पाहिजे. दृक्-तंत्रिकेचे मुख मुख्यतः पश्च रोमक रोहिणींवर पोसले जाते. वार्धक्यात उद्भवणाऱ्या रोहिणींच्या एका दाहात, ज्यात सूक्ष्मदर्शकाखाली महाकाय पेशी दिसतात, या रोहिणींची पोकळी बंद होते व तंत्रिकेचे मुख मरते. रुग्ण पन्नाशीच्या पुढचा, बहुधा सत्तरीतला असतो. कानशिलात दुखते, केस विंचरताना टाळू हुळहुळते, घास चावताना जबडा दुखून थांबावे लागते आणि मग एके दिवशी एका डोळ्याने दिसेनासे होते. हा दाह ओळखला गेला नाही तर काही दिवसांत वा आठवड्यांत दुसरा डोळाही जाण्याची मोठी भीती असते. कॉर्टिसोन वर्गातील औषध तत्काळ व भरपूर मात्रेत दिल्यास तो डोळा वाचविता येतो. गेलेली दृष्टी क्वचितच परत येते. तपासणीच्या अहवालाची वाट पाहत औषध लांबणीवर टाकू नये, हा नियम त्यामुळेच पडला आहे.

डोळ्याच्या पुढील भागाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. पश्च रोमक रोहिणींपैकी दोन दीर्घ शाखा नेत्रगोलकाच्या दोन्ही बाजूंनी आडव्या पुढे जातात. डोळा हलविणाऱ्या चार सरल स्नायूंतून अग्र रोमक रोहिणी येतात. प्रत्येक स्नायूतून दोन, फक्त बाहेरच्या स्नायूतून एक, अशा त्या सामान्यतः सात असतात. या दोन्ही मिळून बुबुळाच्या मुळाशी एक रोहिणीवर्तुळ बनवितात. येथील संमीलन खरोखर उपयोगी पडते. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत एखाद-दुसरा स्नायू सोडविला असता त्याच्या रोहिणी कापल्या जातात, तरी बहुधा काही बिघडत नाही. परंतु एकाच वेळी तीन-चार सरल स्नायू सोडविले, विशेषतः वयस्क रुग्णात, तर पुढील भाग रक्तावाचून सुकू लागतो. संमीलनाच्या उदारपणालाही मर्यादा आहे, हे शस्त्रवैद्यांना या वाटेने शिकावे लागले. नेत्राच्या अगदी पुढची काच, म्हणजे स्वच्छमंडल, मात्र निरोगी अवस्थेत रक्तवाहिनीविरहित असते. एकाचे स्वच्छमंडल दुसऱ्यास बसविणे इतर अवयवांच्या मानाने सुकर होते, ते बऱ्याच अंशी त्यामुळेच.

मध्य रोहिणी बंद पडल्यावर जालपटल किती वेळ तग धरते, हा प्रश्न अर्थातच सर्वांत निकडीचा आहे. हेरेह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगांत, सुमारे ९७ मिनिटांपर्यंत रोहिणी बंद ठेवून नंतर मोकळी केली असता जालपटलाची कायमची हानी आढळली नाही. त्यापुढे हानी सुरू होते आणि वेळेबरोबर वाढत जाते. वृद्ध, रक्तदाबपीडित व रोहिणीकाठिण्य असलेल्या माकडांवरील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही ही मर्यादा जवळपास तीच राहिली. २४० मिनिटांनंतर जालपटल जवळजवळ पूर्णपणे मेलेले आढळले. माणसात अडथळा पुष्कळदा अपुरा असतो, त्यामुळे हिशोब इतका काटेकोर नसतो. तथापि अचानक, वेदनेवाचून गेलेल्या दृष्टीचा रुग्ण दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जातो, हे आपल्याकडे नित्य घडणारे दृश्य या मिनिटांशेजारी ठेवून पाहावे. रोहिणी पुन्हा मोकळी करण्याचे अनेक उपाय योजून पाहिले गेले असले, तरी सर्वमान्य ठरेल असा उपाय अद्याप सिद्ध झालेला नाही.

मात्र पुष्कळ रुग्णांत आधी पूर्वसूचना मिळालेली असते. एका डोळ्यापुढे पडदा खाली उतरल्यासारखे होते, काही मिनिटे काहीच दिसत नाही, आणि मग पडदा वर जातो. मिलर फिशर यांनी १९५९ मध्ये असा झटका चालू असतानाच डोळ्यात पाहून, जालपटलाच्या रोहिणींतून पांढुरके कण पुढे पुढे सरकत असल्याचे वर्णन केले. होलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये या रोहिणींत अडकलेले चकचकीत पिवळे कोलेस्टेरॉलचे कण वर्णिले आणि त्यांचे उगमस्थान मानेतील ग्रीवा रोहिणीच्या खवल्यांत असल्याचे दाखविले. नेत्ररोहिणी ही मेंदूकडे जाणाऱ्या प्रवाहातून फुटलेली शाखा आहे, हे आरंभी सांगितले होते. जो कण आज डोळ्यात गेला तो उद्या मेंदूत जाऊ शकतो. म्हणून मध्य रोहिणीचा अडथळा, मग तो क्षणिक असो वा कायमचा, हा आता पक्षाघाताचाच एक प्रकार मानला जातो, आणि अशा रुग्णास मेंदूच्या झटक्याची सोय असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे असा संकेत आहे.

शेवटी एका अपवादाची नोंद केली पाहिजे. वरील विवेचनात जालपटलाचे आतील थर सर्वस्वी मध्य रोहिणीवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. परंतु अनेक डोळ्यांत, निरनिराळ्या गणनांनुसार शंभरांतील सुमारे पंधरा ते तीस डोळ्यांत, रोमक रोहिणीची एक बारीक शाखा दृक्-बिंबाच्या कडेवरून, आकड्यासारखे वळण घेऊन, थेट जालपटलावर येते. तिला रोमक-जालपटलीय रोहिणी म्हणतात. दिसायला ती मध्य रोहिणीच्या शाखांसारखीच असते. परंतु फ्लुओरेसीनच्या छायाचित्रांत ती रंजितपटलाबरोबर, म्हणजे मध्य रोहिणीच्या आधी, भरते व आपले कूळ उघड करते. बहुधा ती पीतबिंदूच्या दिशेने जाते. मध्य रोहिणी पूर्ण बंद पडलेल्या रुग्णात ही शाखा असली आणि ती गर्तिकेपर्यंत पोहोचत असली, तर पांढऱ्या पडलेल्या जालपटलावर बिंबापासून पीतबिंदूपर्यंत नारिंगी रंगाची एक जीभ तेवढी जिवंत राहिलेली दिसते. सभोवारचे जग त्या रुग्णास दिसत नाही. चालताना तो दाराच्या चौकटीस अडखळतो. परंतु समोर धरलेल्या पुस्तकातील बारीक अक्षरे त्याला वाचता येतात.